गणेशपट्टीवरचा पोपट

नगरहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या भाषेत अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात आमचे घोडेगाव वसले आहे. जनावरांच्या बाजारासाठी ते दूरवर प्रसिद्ध आहे. गावापासून थोड्याच अंतरावर शनिशिंगणापूर लागते. तेथील घरांना परंपरेने दारे नसतात, नुसती चौकट असते. आमच्या गावचे सुतारबाबा थट्टेने म्हणत, "शिंगणापुरात सुताराला निम्मंच काम. पण त्ये निम्मं लई अवघड. दारच न्हाई म्हटल्यावर समद्यांची नजर चौकटीवर!"

या सुतारबाबांनी केलेल्या एका कामाची हकीकत मी आज सांगणार आहे. त्या वेळी मी तुमच्याएवढाच, अकरा वर्षांचा होतो. साल होते १९७२.

गावात एक जुना दोन चौकी वाडा होता. त्याच्या दरवाजाची चौकट सागवानी असून ती वरपासून खालपर्यंत कोरलेली होती. चौकटीच्या माथ्यावरील आडव्या पट्टीवर मधोमध गणपती कोरण्याची आपल्याकडे चाल आहे. म्हणून त्या पट्टीस गणेशपट्टी म्हणतात. या वाड्याच्या गणेशपट्टीवर गणपतीच्या दोन्ही अंगांनी एक वेल निघून लाटेसारखी खालीवर होत टोकापर्यंत गेली होती. वेलीच्या प्रत्येक वळणात एकेक फूल होते. डावीकडील तिसऱ्या वळणात मात्र फुलाऐवजी एक पोपट बसला होता. त्याचे तोंड गणपतीकडे असून त्याची चोच एका पानाला टेकलेली होती. तो पोपट पान खात आहे अशी आम्हां मुलांची ठाम समजूत होती.

उजवीकडील तिसरे वळण मात्र नव्हतेच. भिंतीतून पाणी झिरपून लाकडास वाळवी लागली आणि दोन वितींचा तुकडा गळून पडला. हे केव्हा झाले ते कोणास ठाऊक नव्हते. वाड्यातील आजी लग्न होऊन आल्या, तेव्हाही तेथे ओबडधोबड फळकुटच ठोकलेले होते.

लाकडाला शत्रू फार. अग्नी हा त्यांतला सर्वांत मोठा. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला. जुन्नरच्या रानातील सागवान त्यासाठी आणले होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्यास आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आज तेथे तटबंदी, दरवाजे आणि दिल्ली दरवाजावरील नगारखाना पाहावयास मिळतो. आतील कोरीव खांब आणि छते यांची राख झाली. अग्नीच्या खालोखाल पाणी आणि वाळवी. चौथा शत्रू दोन पायांचा असतो. तो पैशांची थैली घेऊन येतो, जुने खांब व दरवाजे उचकटून नेतो आणि शहरातील दिवाणखान्यांत शोभेसाठी विकतो.

तो चौथा शत्रू त्या वर्षी आमच्या गावी आला. १९७२ चा दुष्काळ तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकला असेल. पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, बाजारात बैल कवडीमोलाने जाऊ लागले. लोक रेशनवरचा लाल मिलो खात आणि सरकारी कामावर खडी फोडीत. सुतारबाबांची तर दुहेरी अडचण झाली. बलुतेदार असल्यामुळे त्यांना सुगीला शेतकऱ्याकडून धान्य मिळत असे. पण शेतातच काही नव्हते, तेथे खळ्यावर काय येणार? नवा नांगर किंवा औत करून घेणाराही कोणी उरला नव्हता. म्हणून ज्या हातांनी पटाशी चालवायची त्याच हातांनी ते रस्त्याच्या कामावर हातोडा मारीत. संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत.

अशा दिवसांत शहरातून एक व्यापारी आला. त्याने वाड्याच्या ओट्यावर नोटा मोजून ठेवल्या आणि चौकटीसह दरवाजा मागितला. आजींनी एक रात्र विचार केला. सकाळी त्या म्हणाल्या, "या उंबरठ्यावरचं माप ओलांडून मी घरात आले. त्याच्यावरची चौकट मी कशी विकू?" व्यापारी निघून गेला. त्याच दिवशी आजींनी सुतारबाबांना बोलावणे पाठविले. पेवात थोडी जुनी ज्वारी शिल्लक होती. त्यातील चार पायल्या मजुरी ठरली आणि निम्मी आगाऊ दिली. काम एवढेच, की मोडलेला तुकडा जसा होता तसा करून बसवायचा.

"जसा होता तसा!" हे शब्द बोलावयास सोपे आहेत.

पहिला प्रश्न लाकडाचा होता. नवे कापलेले लाकूड ओले असते. ते वाळताना आक्रसते, पिळवटते, आणि जुन्या लाकडाशेजारी बसविले तर वर्षभरात सांध्याला फट पडते. बाबांनी पडक्या गोठ्यातील एक सागवानी तुळई निवडली. ती पन्नास-साठ पावसाळे पाहिलेली असावी. किडका भाग कापून टाकल्यावर तीत दोन तुकड्यांपुरते लाकूड निघाले; त्यांपैकी एकात गाठ होती. म्हणजे एक चूक करण्याची सवलत होती, दुसरी करण्याची नव्हती.

दुसरा प्रश्न हत्यारांचा. बाबांची पोतडी उघडली की आम्ही मुले भोवती गोळा होत असू. तीत रंधा, वाकस, करवत, गुण्या, गिरमिट ही सर्व सुतारांपाशी असणारी हत्यारे होतीच. पण कापडाच्या गुंडाळीत निराळ्या ठेवलेल्या सोळा-सतरा पटाश्या हे त्यांचे खरे वैभव होते. काही सरळ, काही गोल, एक-दोन तर गव्हाच्या दाण्याएवढ्या अरुंद. झिजलेल्या कानशींचे पोलाद लोहाराकडून ठोकून घेऊन त्या बनविल्या होत्या. दगडावर पाणी घालून बाबा त्या घासत आणि शेवटी जुन्या चामड्यावर फिरवीत. मनगटावरचा केस सहज उतरला म्हणजे धार लागली. कामाचा एक चतुर्थांश वेळ धार लावण्यातच जाई. मला तेव्हा तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे. बोथट पटाशी लाकूड कापीत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या जागेवर प्रकाश मेल्यासारखा पडतो, हे बाबांनी मला दोन ढलप्या शेजारी शेजारी ठेवून दाखविले.

डावीकडील पोपटावर पातळ कागद धरून त्यांनी कोळशाने घासला. नक्षीचा खाका कागदावर उमटला. कागद उलटा केला की उजवीकडचा पोपट तयार! गणपतीच्या दोन्ही अंगांना सारखेच असणार, अशी बाबांची समजूत होती, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. मग आधी त्यांनी वेल आणि पोपट यांच्याभोवतीची जमीन खोल उतरविली. नंतर कडा गोल केल्या. पिसांच्या रेषा अगदी शेवटी आल्या. उजव्या हाताने मोगरीचे हलके ठोके पडत आणि डाव्या हाताचा अंगठा पटाशीला लगाम घाली. बारीक कामात तर मोगरीही बाजूला राही; नुसत्या तळहाताच्या रेट्याने पटाशी पुढे सरके.

दिवसा खडी आणि सकाळ-संध्याकाळ कोरणे, असे आठ-दहा दिवस चालले. पोपट तयार झाला. काय सुरेख पोपट! अर्धे गाव पाहून गेले.

तुकडा बसविण्यापूर्वी जुन्या लाकडाची कड स्वच्छ करावयाची होती. त्या पट्टीवर पिढ्यान्‌पिढ्यांचे तेल, काजळी आणि वर कोणी हौसेने फासलेला हिरवा तैलरंग असा जाड थर बसला होता. पटाशी लावली असती तर रंगाबरोबर लाकूडही निघाले असते. म्हणून बाबा बांबूच्या कामटीने आणि नखाने खपल्या काढीत बसले. मी शेजारी होतो. एकाएकी त्यांचा हात थांबला. गणपतीच्या बाजूच्या कडेला, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत, रंगाखालून तीन बारीक रेषा दिसू लागल्या. त्या एकमेकींजवळ येत टोकाशी मिळत होत्या.

"बाबा, हे काय?" मी विचारले.

"शेपूट," बाबा म्हणाले. मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.

मुलांनो, क्षणभर तुम्हीही डोळ्यांपुढे चित्र आणा. शेपटीचे टोक गणपतीच्या बाजूला, याचा अर्थ पोपटाचे तोंड बाहेरच्या बाजूला होते. डावीकडचा पोपट आत, गणपतीकडे पाहत होता. उजवीकडचा मात्र बाहेर, रस्त्याकडे पाहत असला पाहिजे. बाबांनी कोरलेला पोपट उलटा होता.

तो तुकडा तसाच बसविला असता तर त्या पोपटाला दोन शेपट्या झाल्या असत्या. वाड्यातील एका पाहुण्याने यावर तोड सांगितली. "त्यात काय आहे? ती जुनी खूण तासून टाका. चार टोके मारले की काम झाले." आजींनाही ते पटल्यासारखे दिसले. त्या म्हणाल्या, "बाबा, पोपट छान जमला आहे. दुष्काळाचे दिवस आहेत. पुन्हा कष्ट कशाला करता?"

बाबांच्या घरी पाच माणसे खाणारी होती. उरलेली दोन पायल्या ज्वारी तुकडा बसल्यावर मिळावयाची होती. मागे एकच लाकूड उरले होते, आणि त्यात गाठ होती. हे सर्व मला त्या वेळी ठाऊक होते असे नाही. पण बाबांना ठाऊक होते. ते म्हणाले, "आईसाहेब, माझा पोपट चुकला तर म्या दुसरा करीन. ती शेपूट तासली, तर खरा पोपट कसा व्हता हे सांगाय कुणी उरायचं न्हाई."

"पण त्यानं एक आत बघणारा आणि एक बाहेर बघणारा का केला असेल?" आजींनी विचारले.

"त्ये त्यालाच ठावं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या खेपेस काम कठीण झाले. लाकडाचे तंतू एका दिशेने धावत असतात. तंतूंच्या कलाने पटाशी चालविली तर लोण्यातून गेल्यासारखी जाते. उलट चालविली तर ती लाकडात घुसते आणि नको तेवढी ढलपी उचलते. त्यातून पोपटाच्या चोचीसारखे बारीक टोक आडव्या तंतूंवर आले, तर ते नखाच्या धक्क्यानेही तुटावयाचे. बाबांनी तो तुकडा कितीदा तरी उलटसुलट करून पाहिला. अखेर गाठ वेलीच्या जाड वळणात लपेल आणि चोचीचे टोक तंतूंच्या लांबीवर येईल, अशा बेताने त्यांनी खाका मांडला. दिवस आखूड होते. म्हणून रात्री चिमणीच्या उजेडात काम चाले. ती चिमणी धरण्याचे काम माझे. बाबा ती समोर धरू देत नसत, बाजूला, खाली धरावयास सांगत. बाजूने उजेड आला की उंचसखलपणा सावल्यांतून स्पष्ट दिसतो. समोरून आला की सगळे सपाट भासते. तुम्ही हे भिंतीवर करून पाहा.

चोच अगदी शेवटी आली. तिच्या टोकापाशी त्यांनी थोडे लाकूड मुद्दाम सोडले आणि त्यालाच पानाचा आकार दिला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की डावीकडील पोपट इतकी वर्षे पान खात नव्हताच! जुन्या कारागिराने चोच तुटू नये म्हणून तिला पानाचा टेकू दिला होता.

काचकागद बाबांनी वापरलाच नाही. जुन्या कामावर पटाशीच्या कापाचे बारीक पैलू बोटांना लागत. ते घासून गुळगुळीत केले असते तर नवा तुकडा शेजारच्या कामात परका दिसला असता. शेवटी नुसते जवसाचे तेल चोळले. पट्टीत तुकडा बसला तेव्हा जुन्या शेपटीच्या तीन रेषा नव्या शेपटीच्या तीन रेषांना जाऊन मिळाल्या. मी बोट फिरवून पाहिले. सांधा लागला, पण रेषा तुटली नाही.

त्या पाहुण्यांनी आणखी एक सूचना केली. "याला काजळी लावून काळा करा, म्हणजे नवा-जुना ओळखू येणार नाही." बाबांनी तेही ऐकले नाही. उलट, तुकडा बसविण्याआधी त्याच्या पाठीवर, भिंतीकडील बाजूस, त्यांनी पटाशीने अक्षरे कोरली होती : "शके १८९४. नवा तुकडा." स्वतःचे नाव घातले नाही. का घातले नाही ते मी विचारावयास हवे होते, विचारले नाही.

पुढे मी मराठीचा शिक्षक झालो. पुण्याला मुलांची सहल नेली असता विश्रामबागवाडा पाहिला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा १८०७ साली पूर्ण झाला. त्याचे सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि केळफुलांची नक्षी पाहताना मुले हरखून गेली. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यातील दोन वाड्यांना आगी लावण्यात आल्या. बुधवारवाडा समूळ गेला. विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला आणि तो लोकवर्गणीतून पुन्हा उभारण्यात आला. त्या लोकवर्गणीत कोणी किती आणे दिले असतील, असा विचार माझ्या मनात आला. पण त्याहून अधिक वेळ मी जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते, हेच खांबांवर शोधीत उभा राहिलो. सवयच लागली होती.

इंदूरचा राजवाडाही असाच. होळकरांच्या या सात मजली वाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याचा मागील भाग जळाला आणि २००६-०७ च्या सुमारास जुन्याच पद्धतीने तो पुन्हा बांधण्यात आला. अहिल्याबाई होळकर या आपल्याच जिल्ह्यातील चौंडीच्या. त्यामुळे ती वार्ता मी अंमळ अधिक आपुलकीने वाचली.

आणि ही दुसरी गोष्ट सातासमुद्रांपलीकडची. इंग्लंडमध्ये हॅम्प्टन कोर्ट नावाचा राजवाडा आहे. तेथे ग्रिन्लिंग गिबन्स या सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या थोर कारागिराने लाकडात फुले, पाने आणि फळे कोरली होती. १९८६ साली तेथे आग लागली आणि सात फूट लांबीचा एक फुलांचा झुपका नष्ट झाला. तो पुन्हा कोरण्याचे काम डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन कारागिराकडे आले. त्या एका झुपक्यास त्याला सुमारे एक वर्ष लागले. वाचलेल्या जुन्या कामावरील बारीक ओरखडे पाहून त्याने ओळखले, की गिबन्सच्या काळी काचकागद नसल्यामुळे एका खरखरीत पाणवनस्पतीच्या वाळक्या देठांनी लाकूड घासीत असत. आपल्या कोकणातही खरवतीची पाने याच कामी वापरीत आले आहेत. राजवाड्यात बसून बोटांनी जुने ओरखडे वाचणारा तो गृहस्थ मला परका वाटला नाही. कामटीने रंगाच्या खपल्या काढणारे बाबा डोळ्यांपुढे उभे राहिले.

१९६४ साली इटलीतील व्हेनिस नगरीत अनेक देशांचे तज्ज्ञ जमले होते. जुन्या इमारती कशा जपाव्यात याचे नियम त्यांनी ठरविले. हरवलेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग एकंदर रचनेत शोभून दिसावा, पण मूळच्या भागापासून तो वेगळा ओळखता यावा, असा त्यांतील एक नियम आहे. घोडेगावी व्हेनिसचे नाव कोणी ऐकले नव्हते. बाबांना तर अक्षरओळख जेमतेम होती. "शके" हा शब्द त्यांनी मलाच पाटीवर लिहून दाखवावयास सांगितला होता.

आता आजी नाहीत आणि बाबाही नाहीत. नवा तुकडा उन्हाने आणि दिव्याच्या काजळीने शेजारच्या लाकडासारखा काळवंडला आहे. तो कोणता हे डोळ्यांना सांगता येत नाही. बोट फिरवले तर सांधा अजून लागतो.

चुकलेला पहिला पोपट बाबांनी चुलीत घातला नाही. उरलेली ज्वारी घेऊन घरी जाताना तो त्यांनी माझ्या हाती ठेवला आणि म्हणाले, "तुझ्याकडं राहू दे. चिमणी धरल्याची मजुरी." शाळेत मुख्याध्यापक होतो तोवर तो माझ्या टेबलावर असे. मुले त्याच्या पाठीवरून हात फिरवीत आणि हा कोणीकडे पाहतो आहे, असे मला विचारीत.

स्वाध्याय

१. नव्या तुकड्यासाठी बाबांनी पडक्या गोठ्यातील तुळई का निवडली?

२. जुनी शेपूट तासण्यास बाबांनी नकार दिला. त्या वेळी त्यांच्यापुढे कोणकोणत्या अडचणी होत्या? तुम्ही आजींच्या जागी असता तर काय म्हणाला असता?

३. दोन्ही पोपटांसह गणेशपट्टीचे चित्र काढा. प्रत्येक पोपटाचे तोंड कोणीकडे आहे ते पाठ वाचून ठरवा.

४. आपल्या गावातील जुने देऊळ किंवा वाडा पाहा. त्यावरील एका नक्षीचा कागद व कोळसा वापरून खाका घ्या. घेण्यापूर्वी मालकांची परवानगी मागा.